एका ओळीत बसत नाही

८ फेब्रुवारी

प्रिय भोंग्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझे डोळे कपाळात गेले असतील. मेल नाही, मेसेज नाही, चक्क टपाल! डोकं ठिकाणावर आहे माझं. आपल्या कंपनीने मागच्या महिन्यात जो नवा एआय मदतनीस बसवला, तो आपले सगळे मेल वाचून रोज संध्याकाळी थोरल्या साहेबांना सारांश देतो. साहेबांना नावं ठेवायची तर ती पुरी ठेवावीत, सारांशात नाही, असं माझं मत आहे. आणि फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लहानपणी रडून गल्ली जागी करायचास म्हणून तुझं नाव भोंग्या पडलं, आता त्याच गळ्यावर विक्री विभागाचा प्रमुख झालास. म्हणून कागद.

आता मुद्दा. तुला माहीत असलेलंच सांगते, कारण विक्रीवाल्यांना आपण काय विकतो ते सोडून बाकी सगळं माहीत असतं. डायलिसिस सेंटरचं वेळापत्रक चालवणारं आपलं सॉफ्टवेअर आजवर काउंटरवरची माणसं वापरायची. आता फोन एआय एजंट उचलणार आणि कामंही तोच उरकणार. त्याला स्क्रीन दिसत नाही. शेजारच्या टेबलावर वाकून 'अहो, हे बटण दाबू का?' असं विचारता येत नाही. त्याला दिसतं टूलचं, म्हणजे एकेका कामाच्या अवजाराचं, नाव आणि त्याखाली मी लिहिलेलं वर्णन. तेवढ्यावर तो ठरवतो, कुठलं टूल उचलायचं.

त्यातलं एक टूल आहे 'वेळ रद्द करा'. ते एका दिवसाची वेळ रद्द करत नाही, भोंग्या. ते पेशंटच्या पुढच्या सगळ्या तारखा पुसतं आणि त्याची खुर्ची त्याच क्षणी प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला देऊन टाकतं. ते बनवलंच होतं पेशंट दगावला की खुर्ची एका फटक्यात मोकळी व्हावी म्हणून. एक दिवस यायचं नसेल तर 'तारीख बदला' हे वेगळं टूल आहे. हे कुठेही लिहिलेलं नाही, कारण लिहायची गरजच पडली नाही. प्रत्येक काउंटरवर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगतात, 'रद्दला हात लावायचा नाही, रद्द म्हणजे माणूस गेला.' तोंडातोंडी इतकी वर्षं चाललं.

एजंटला हे कोण सांगणार? मी. म्हणून मी पानभर वर्णन लिहिलं. साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'एका ओळीत बसवा. पेशंटची वेळ रद्द करते. बस.'

मी बसवणार नाही. पहिलं सेंटर कुठलं ठरलंय ते कळव. मामीला यातलं काही सांगू नकोस, तिला स्वतःला डायलिसिसला जावं लागतं, उगाच घोर लागेल.

तुझी,
ताई


१६ फेब्रुवारी

ताईसाहेबांच्या पायाशी विक्री विभागाचं लोटांगण,

पत्र मिळालं. पोस्टमनने सही घेतली तेव्हा मला वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचून झाल्यावर वाटलं, नोटीसच बरी होती.

अगं बाई, राईचा पर्वत करू नकोस. हा एजंट म्हणजे काउंटरवर जांभया देणारा माणूस नाही. हुशार आहे तो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात ना? तू त्याला पानाचा मार देतेस. आणि दर फोनला त्याने तुझं पान वाचायचं, तोवर पलीकडचा पेशंट 'हॅलो, हॅलो' करत बसायचा. शिवाय ही वर्णनं गिऱ्हाइकाला दाखवावी लागतात. 'परत आणता येत नाही' असं वाचलं की माणूस खुर्ची मागे सरकवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय. औषधाच्या खोक्यात घडी घातलेला कागद असतो बघ, बारीक अक्षरांचा, तो तू लिहितेस. तो कोण वाचतं?

पहिलं सेंटर विचारलंस. आईचंच. मुद्दाम मागून घेतलं, घरच्या माणसाला पहिला मान. आई मजेत आहे. आठवड्यातून तीनदा जाते, खिडकीजवळच्या खुर्चीवर हक्क सांगते आणि सिस्टरशी टीव्हीच्या आवाजावरून भांडते. तुझी आठवण काढते. आत्या गेल्यावर तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हा माझी खाट बळकावलीस, ते मी अजून विसरलेलो नाही, पण ती म्हणते की ती खाट तुझीच होती.

थोरल्या साहेबांशी वाकडं घेऊ नकोस. एक ओळ दे आणि मोकळी हो.

तुझा,
भोंगा (अधिकृत)


२३ फेब्रुवारी

भोंग्या,

मामीचं सेंटर! आणि तू ते मागून घेतलंस. धन्य आहे तुझी.

घडीचा कागद माणसं वाचत नाहीत, खरं आहे. एजंट वाचतो. अरे, जन्मभर मी लिहीत आले आणि शेवटपर्यंत एकही शब्द न गाळता वाचणारा वाचक मला आत्ता पहिल्यांदा मिळाला. आणि त्याच्यासाठीच म्हणे कमी लिही!

लांबीचं मला कौतुक नाही. 'आजची यादी दाखवा' या टूलला मी स्वतःहून एकच ओळ दिली, कारण यादी बघून कुणाचं काही बिघडत नाही. पण जिथे हात घातला तर मागे घेता येत नाही, तिथे मी शब्दांची काटकसर करणार नाही.

तू म्हणतोस तो हुशार आहे. आहेच. काल चाचणीच्या खोलीत बसून मी त्याला साहेबांची ओळ दिली आणि पेशंट बोलेल तसं बोलले, 'उद्या मला जमणार नाही.' त्याने समोर पाहिलं, 'वेळ रद्द करा' नावाचं टूल दिसलं, उचललं. सगळ्या तारखा साफ. वर मला म्हणतो, 'आपलं काम झालं आहे.' पुन्हा केलं, वेगळे शब्द वापरले, तरी तेच. त्याचं काही चुकलं का? आपणच त्याला अंधारात ठेवलं आणि वर हुशार म्हणून त्याची पाठ थोपटली. मग मी माझं पान दिलं. त्यात मी सरळ लिहिलंय की हे टूल काय पुसतं, खुर्ची कुणाला जाते, आणि ती परत येत नाही. एका दिवसापुरतं यायचं नसेल तर हे वापरू नका, 'तारीख बदला' वापरा. पेशंटला नक्की काय हवंय ते कळलं नाही तर विचारा. विचारूनही कळलं नाही तर अंदाज करू नका, फोन काउंटरवरच्या माणसाकडे द्या. तेच वाक्य मी पुन्हा बोलले, 'उद्या मला जमणार नाही.' या वेळी त्याने विचारलं, 'फक्त उद्याचाच दिवस बदलायचा आहे ना?'

मला हसूच आलं. इतका गुणी आहे रे तो. विचारायची परवानगी आहे एवढंच त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पान जाईल तर जसंच्या तसं जाईल. नाहीतर वर्णनाच्या खाली माझं नाव असणार नाही. साहेबांना सारांश करून सांग हवं तर.

ताई


२ मार्च

ताई,

जिंकलीस! साहेबांशी बोललो, जरा गोडीगुलाबीने घेतलं, आणि तुझं पान जसंच्या तसं जातंय. काना-मात्रासुद्धा हलवलेली नाही. आता तरी शांत झोप. पुढच्या आठवड्यात इथे उद्घाटन आहे, फीत कापायला साहेब स्वतः येणार आहेत. मला नवा कोट शिवायला टाकायचाय, म्हणून पत्र आवरतं घेतो.

आईचा आशीर्वाद.

भोंगा


९ मार्च

प्रिय भोंग्या,

तोंडात साखर पडो तुझ्या. खरं सांगते, पत्र वाचून मी ऑफिसच्या जिन्यातच बसले थोडा वेळ. तुझ्याशी भांडताना मला काही वाटत नाही, पण तू माझ्या बाजूने साहेबांशी भांडलास याचं फार बरं वाटलं.

आता माझा संशयी स्वभाव. उद्घाटनाचा आठवडा म्हणून आम्हा लिहिणाऱ्यांचा सिस्टीममधला प्रवेश बंद केलाय, त्यामुळे सेंटरमध्ये नक्की काय गेलंय ते मला इथून दिसत नाही. तुला दिसत असणार. माझ्या पानाचं पहिलं वाक्य मला उलट टपाली लिहून पाठव. पाठ केलेलं नको, स्क्रीनवर बघून.

कोटाचा रंग कळव. मागच्या वेळी बँडवाला दिसत होतास.

ताई


२१ मार्च

चि. पोरीस मामीचे पोटभर आशीर्वाद.

मी पत्र लिहिते आहे म्हणून घाबरू नकोस. घाबरायचं होतं ते होऊन गेलं.

तुझी पत्रं तो टीव्हीखाली ठेवतो. मी धूळ पुसायला गेले की वाचते. घरात आलेलं पत्र सगळ्या घराचं, आमच्याकडे हाच कायदा आहे आणि तुलाही तो माहीत आहे. तुझं शेवटचं पत्र वाचलं आणि त्याला जेवताना विचारलं, 'काय रे, पोरीने लिहिलेलं सगळं आत घातलंस ना?' तो ताटात बघून 'हो' म्हणाला. लहानपणी काच फोडली की असाच ताटात बघायचा. पोरी, तो तुझ्याशी खोटं बोलला. एक ओळच गेली आहे.

मी म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. सेंटरला फोन केला. बाईचा आवाज होता, फार गोड. मी एवढंच बोलले, जे तू पत्रात लिहिलं होतंस ते. 'उद्या मला जमणार नाही.' ती म्हणाली, 'काळजी करू नका, आपलं काम झालं आहे, आपला दिवस चांगला जावो.' मी म्हटलं, अगं, काय झालं ते तरी सांग. तोवर फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळेला गेले. सेंटरच्या फळ्यावरून नाव गेलं की तिथे लोक काय समजतात ते तुला सांगायला नको. माझं नाव नव्हतं. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी म्हणे सकाळी माझ्यासाठी डोळे मिटून हात जोडले होते. मी दारातून आत आले तर किंचाळल्याच. मी म्हटलं, 'घाबरू नका, पिशवी विसरले म्हणून परत आले.'

खिडकीच्या खुर्चीत एक बसचालक होता. त्याला खुर्ची मोकळी झाली म्हणून निरोप गेला होता, बिचारा किती दिवस वाट बघत होता. मला बघून उठायला लागला. मी म्हटलं, 'बस रे बाबा, नळ्या लागल्यात, उठतोस कुठे?' सिस्टरने तारखा बघितल्या आणि तिचा चेहराच उतरला. पुढच्या एकाही दिवसावर मी नव्हते. काउंटरवरचा माणूस म्हणाला, 'आजी, आज घरी जा, उद्या बघू काहीतरी.' मी म्हटलं, 'मेलेल्या माणसाला उद्या नसतो.' स्टूल ओढलं आणि माझ्या खुर्चीशेजारी बसले. हलणार नाही म्हणजे नाही.

शेवटची शिफ्ट आटोपल्यावर सिस्टरने थांबून मला घेतलं. तोवर पाय सुजून चपलेत मावेनात, आणि दम लागला होता. श्वास घ्यावा तर आत जाईना. मी त्याची जिरवायला गेले होते, पण शेवटी शेवटी भीती वाटली, पोरी. हे तुला सांगते, त्याला सांगू नकोस.

मुद्दाम केलं म्हणून ओरडशील. ओरड. पण 'उद्या जमणार नाही' हे मी कधीही म्हटलं असतं. गुडघा दुखला म्हणून, नाहीतर लिफ्ट बंद पडली म्हणून. मी नाही तर दुसरी कुणी म्हणाली असती, आणि ती स्टूल ओढून बसणारी नसती. गुपचूप घरी गेली असती.

सिस्टरने मला आता पहाटेची शिफ्ट दिली आहे, दाराजवळची खुर्ची. खिडकी गेली. बसचालकाला उठवायचं नाही असं मी सांगितलंय, त्याचा काय दोष?

तू आता काय करायचं ते कर. मागेपुढे बघू नकोस.

तुझी,
मामी


२३ मार्च

ताई,

आईने तुला लिहिलंय हे तिनेच सांगितलं. म्हणजे तुला सगळं कळलं आहे. मी खोटं बोललो, मला माफ कर.

साहेब म्हणाले होते, उद्घाटन एका ओळीवर होऊ दे, पान मग हळूच घालू. मला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. तुला खरं सांगितलं असतं तर तू थयथयाट केला असतास, उद्घाटन लांबलं असतं, आणि नवा कोट घालून मी सगळ्यांना काय तोंड दाखवलं असतं? हे लिहितानाच मला लाज वाटते आहे.

सिस्टरचा फोन आल्यावर धावत गेलो. आईला आत घेतलं होतं. काचेतून तिने मला बघितलं आणि हात हलवला, गाडी सुटताना हलवतात तसा. पुढचं मला लिहिता येत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, पेशंटने मुद्दाम वाकडं वाक्य वापरलं. तोडगा काढलाय त्यांनी. ओळ तशीच राहील, पण शेजारी 'अधिक माहिती' असं लिहून तुझं पान तिथे जोडतील. ताई, तेवढ्यावर भागव ना. कंपनीत चौकशी लागली आहे, बाहेर बोभाटा झाला तर पहिली तुझी खुर्ची जाईल. मी हात जोडतो.

भोंगा


२८ मार्च

भोंग्या,

फोनवर मी फक्त 'मामी कशी आहे' एवढं विचारलं आणि ठेवला, कारण आणखी बोलले असते तर तुझ्यामाझ्यात काही उरलं नसतं. तू माफी मागितलीस. ती ठेवून घेते. अजून वापरणार नाही.

'अधिक माहिती'! एजंट काय उन्हातान्हातून फिरायला निघालाय, की चला, वेळ आहे तर शेजारच्या गल्लीत जाऊन अधिक माहिती घेऊन येऊ? त्याच्या समोर जे आहे तेच तो वाचतो. टूल उचलताना जे वर्णनात नाही ते त्याच्यासाठी जगात नाही. साहेबांना हे माझ्याइतकंच कळतं. त्यांना पान दडवायचं आहे आणि वर लिहिलं होतं असंही म्हणायचं आहे.

आणि वाकडं वाक्य? 'उद्या मला जमणार नाही' हे वाकडं? याहून सरळ वाक्य मराठीत असेल तर त्यांनी मला शिकवावं. माणसं अशीच बोलतात. अर्धं बोलतात, दम खात बोलतात, गुडघ्यावर हात ठेवून बोलतात. ज्याला माणसांचे फोन उचलायला बसवलंय त्याला हे आधी सांगून ठेवायला नको? तेच माझं काम आहे, आणि ते मी केलं होतं. चोख केलं होतं.

आता मी काय केलं ते ऐक. माझं अख्खं पान मी तुमच्या सेंटरच्या सिस्टरला आणि मोठ्या डॉक्टरांना पाठवलं. सोबत लिहिलं, 'तुम्ही घेतलेल्या टूलचं खरं वर्णन हे आहे. हे आत जात नाही तोवर फोन माणसाने उचलावा.' खाली माझं नाव, हुद्दा, सही. निनावी काही नाही. कंपनीचा कागद बाहेर पाठवू नये असा नियम आहे, तोही मला माहीत आहे, म्हणून ते पाकीट मी साहेबांच्या टेबलावरच्या टपालाच्या पेटीत, त्यांच्यादेखत टाकलं. ते विचारत होते, काय आहे? मी म्हटलं, अधिक माहिती.

खुर्ची जाईल म्हणतोस. मामीची गेली ती आधी परत आण. मग माझीची चिंता कर.

तू यापुढे काय करणार ते मला पत्रात रंगवून सांगू नकोस. कर आणि मग सांग.

ताई


१४ एप्रिल

ताई,

करून सांगतो आहे.

तुझं पाकीट पोचल्या दिवशी सिस्टरने एजंटची लाइन बंद केली आणि फोन स्वतःच्या कमरेला लावला. मोठ्या डॉक्टरांनी साहेबांना बोलावून घेतलं, म्हणाले, आमच्यासमोर चालवून दाखवा. काल दाखवलं. सेंटरच्याच मोठ्या खोलीत, भिंतीवर पडदा लावून. साहेबांनी चाचणीसाठी खोटे पेशंट भरून आणले होते आणि वाक्यंही निवडून आणली होती, एकेक घासूनपुसून. 'कृपया माझी मंगळवारची तारीख बुधवारी करा', असली. सगळं लोण्यासारखं चाललं. डॉक्टर मान हलवायला लागले. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, म्हणजे आता भोंगा वाजव.

मी उभा राहिलो. माझे पाय लटपटत होते, खोटं कशाला सांगू? म्हटलं, 'साहेब, एक पेशंट मी भरतो.' आणि त्या पेशंटच्या जागी त्यांचंच नाव टाकलं. खिडकीची खुर्ची दिली, सगळ्या तारखा दिल्या. फळा पडद्यावर दिसत होता. मग फोनवर आईचं वाक्य बोललो, 'उद्या मला जमणार नाही.'

'काळजी करू नका, आपलं काम झालं आहे.'

पडद्यावरून साहेब गेले. सगळ्या तारखांवरून गेले. मग सिस्टर हळूच म्हणाली, 'आमच्याकडे नाव असं गेलं की त्याचा अर्थ काय होतो, सांगू का साहेब?'

साहेब म्हणाले, नको.

तुझं पान त्याच खोलीत, त्याच वेळी आत घातलं. अधिक माहिती म्हणून नाही, टूलच्या नावाखाली, जिथे तुला हवं होतं तिथे. पुन्हा तेच वाक्य बोललो. एजंटने विचारलं, 'फक्त उद्याचा दिवस बदलायचा आहे, की पुढच्या सगळ्या तारखा बंद करायच्या आहेत? बंद केल्या तर त्या परत आणता येणार नाहीत.' कोपऱ्यात आई बसली होती, मी तिला बोलावलं नव्हतं, ती आपली आपण आली होती. ती ओरडली, 'बंद? मी मेल्यावर!' एजंट म्हणाला, 'मला नीट कळलं नाही, मी तुम्हाला काउंटरवरच्या माणसाशी जोडून देतो.' आणि सिस्टरच्या कमरेचा फोन वाजला. अख्खी खोली हसली, साहेब सोडून.

डॉक्टरांनी पान तसंच राहील असं लिहून घेतलंय. आईची खुर्ची मात्र दाराजवळचीच आहे. बसचालक रोज विचारतो, ही रोज नाही म्हणते, आणि मग दोघं टीव्हीच्या आवाजावरून मिळून सिस्टरशी भांडतात.

आता एक मागणं. साहेब माझ्यावर भडकलेत, पण मला हात लावत नाहीत, सगळी गिऱ्हाइकं मला ओळखतात ना. तुझ्यावर मात्र हट्टाला पेटलेत. कंपनीचा कागद बाहेर पाठवला म्हणून माफीनामा हवाय. फार काही नको म्हणतात. 'चूक झाली, पुन्हा होणार नाही.' एक ओळ. दिलीस तर प्रकरण मिटलं, नाही दिलीस तर काढणार. ताई, पान तर गेलं ना आत? आपण जिंकलो. मग एका ओळीने काय बिघडतं? तुझ्या नावाने मीच लिहून दिली असती, पण एकदा तसलं काही करून बघितलंय, पुन्हा नाही.

तुझा,
भोंग्या


२० एप्रिल

प्रिय भोंग्या,

तुझी माफी आजपासून वापरात घेतली. पाय लटपटत होते हे लिहिलंस ते मला सगळ्यात आवडलं. मामीला सांग, खोलीत ओरडली ते वाक्य मी टेबलावर लिहून ठेवलंय.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी साहेबांनी बोलावलं. समोर कोरा कागद ठेवला, पेनाचं टोपण काढून दिलं. म्हणाले, 'फार लिहू नका, एका ओळीत आटपा.' मी खुर्ची ओढली आणि लिहायला बसले. त्यांना बरं वाटलं असावं, त्यांनी चहा मागवला.

मी लिहिलं की कागद मी बाहेर पाठवला. का पाठवला ते लिहिलं. तो पाठवायची वेळ कुणी आणली ते लिहिलं, तुझंही नाव त्यात आहे, भोंग्या, ते गाळलं नाही. मग लिहिलं की हे मी पुन्हा करेन का, तर हो, करेन. हे केव्हा करू नये तेही लिहिलं, म्हणजे टूलचं वर्णन खरं असेल तेव्हा. आणि केल्यावर परत फिरवता येतं का, तर येत नाही. पाठपोट भरलं. कोपऱ्यात जागा उरली होती तिथे लिहिलं, काही शंका असल्यास अंदाज करू नये, मला विचारावं.

साहेबांनी वाचायला घेतलं. चहा निवला तरी वाचत होते. एवढं मात्र मानायला हवं, या खेपेला त्यांनी शेवटपर्यंत वाचलं.

मग म्हणाले, 'म्हणजे माफी नाही तर.' मी म्हटलं, नाही. म्हणाले, 'मग मला तुम्हाला काढावं लागेल.' मी म्हटलं, 'जरूर काढा. माझं काही म्हणणं नाही. फक्त कशासाठी काढलं ते लिहून द्या.' त्यांनी नवा कोरा कागद पुढे ओढला आणि पेन उचललं. आज चौथा दिवस, भोंग्या. मी रोज सकाळी ऑफिसात जाते, माझ्या टेबलावर बसते, पुढचं टूल लिहायला घेते. काचेपलीकडे ते दिसतात. दोन शब्द लिहितात, खोडतात.

त्यांना मी सांगून ठेवलंय, एका ओळीत चालणार नाही.

तुझी,
ताई